मुदत संपलेली फिल्म खरंच स्वस्त पडते का? मिरजेच्या स्टुडिओवाल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

घरातल्या जुन्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी फिल्म स्वस्तात कशी मिळवावी, या माझ्या लेखावर तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. खाली सही ‘एक जुना स्टुडिओवाला, मिरज’ एवढीच, म्हणून काका म्हणतो, चालवून घ्या. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. मी मुदत संपलेल्या फिल्मचा उगाच बाऊ केला. तुमच्या स्टुडिओत असे रोल सर्रास वापरले गेले आणि गिऱ्हाइकाची कधी तक्रार आली नाही. ८ मिलिमीटरचा सुपर ८ हा प्रकार सोडून त्याच्याही आधीच्या रेग्युलर ८ च्या नादी पोरांना लावणं म्हणजे त्यांच्या गळ्यात भंगार मारणं. रंगीत निगेटिव्ह कुठलाही कलर लॅबवाला धुऊन देईल, त्यासाठी घरात ॲसिडशी खेळायला सांगणं बेजबाबदारपणाचं. आणि शेवटी, हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत, मोबाइल आहे की हातात!

मोबाइलवरून मी वाद घालत नाही. ज्याला पुरतो त्याने खुशाल मोबाइलवर काढावं. ज्याच्या घरात माळ्यावरून आजोबांचा कॅमेरा निघालाय आणि ज्याला तो एकदा चालवून बघायचाय, त्याच्यासाठी तो लेख होता.

मुदत संपलेल्या फिल्मचं मात्र सविस्तर बोलायला हवं. तुमच्या अनुभवावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण तो अनुभव निगेटिव्हचा आहे. निगेटिव्हवर वयाचा फॉग, म्हणजे उजेड न लागताही येणारा काळपटपणा, चढला, तरी एखाद-दुसरा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त एक्स्पोजर दिलं की चित्र त्या फॉगच्या वर निघतं. राहिलेली कसर तुम्ही डार्करूममध्ये कडक ग्रेडचा, म्हणजे काळं-पांढरं ठळक करणारा, ब्रोमाइड पेपर लावून भरून काढत होता. घरगुती सिनेमाची फिल्म बहुतेक रिव्हर्सल असायची. म्हणजे जी पट्टी कॅमेऱ्यातून गेली तीच धुऊन प्रोजेक्टरवर चढणार. मध्ये पेपर नाही, ग्रेड नाही. इथे फॉग काळ्या भागावर घाला घालतो; जिथे गडद काळं हवं तिथे मळका करडा येतो. म्हणून एक्स्पोजर वाढवावं, तर उजळ भागातलं सगळं धुऊन जातं. दोन्हीकडून मार. त्यातून स्वस्तातल्या बऱ्याच सुपर ८ कॅमेऱ्यांत एक्स्पोजर हाताने बदलायची सोयच नाही. कार्ट्रिजच्या, म्हणजे फिल्म भरलेल्या प्लास्टिकच्या डबीच्या, कडेची खाच बघून कॅमेरा ४० किंवा १६० एएसए (फिल्म उजेडाला किती तेज आहे त्याचा आकडा) ठरवतो आणि पुढचं सगळं आपल्या मनाने करतो.

शिवाय स्टुडिओत बारा फोटोंपैकी एक डागाळला तर तो बाजूला ठेवता येत होता. सिनेमात तेच डाग सेकंदाला अठरा वेळा जागा बदलत नाचतात.

आणि ती फिल्म इतकी वर्षं कुठे पडून होती, हा प्रश्न उरतोच. न वापरलेली फिल्म १३ अंश सेल्सियसच्या खाली ठेवा, असं कोडॅक सांगत आली आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. हळद सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, घातली की निर्धास्त राहता यायचं. फिल्मचं पेव म्हणजे फ्रीज, आणि विकणाऱ्याने ती फ्रीजमध्ये ठेवली होती की पत्र्याखाली, हे खोक्यावर छापलेलं नसतं.

आता नेटवर ‘जुना साठा, स्वस्तात’ म्हणून काय काय खपवलं जातं ते बघा. कोडॅकच्या कोडाक्रोम ४० या रंगीत फिल्मची कार्ट्रिज दिसतात, पिवळं-लाल खोकं बघून जीव हरखतो. पण कोडाक्रोमची के-१४ प्रक्रिया करणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्सला होती, आणि तिने २०१० च्या अखेरीस रोल घेणं बंद केलं. आज त्यातून रंग काढता येत नाहीत, फार तर काळं-पांढरं चित्र निघेल. दुसरा प्रकार ध्वनिपट्टीवाल्या कार्ट्रिजचा. ती उंचीला मोठी असतात, मूक कॅमेऱ्यात बसतच नाहीत. तिसरा फुजीच्या सिंगल-८ चा. पट्टी सुपर ८ सारखीच, पण कार्ट्रिजचा आकार वेगळा, त्यामुळे फक्त सिंगल-८ कॅमेऱ्यातच जाणार. तिन्ही स्वस्त असतात आणि तिन्हींचे पैसे पाण्यात.

मुंबईतून १६ मिलिमीटरचे शॉर्ट एंड, म्हणजे शूटिंगनंतर कॅनमध्ये उरलेले तुकडे, मिळाले तर ते मी नाकारणार नाही. फक्त त्यातली फूटभर आधी धुऊन फॉग किती आहे ते बघावं, मग बाकीच्याचे पैसे मोजावेत. पण हे तुकडे बहुतेक सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हचे असतात, आणि इथे तुमचा कलर लॅबवाला मित्र अडणार. कोडॅकच्या व्हिजन-३ या निगेटिव्हच्या जुन्या साठ्याच्या पाठीवर रेमजेट म्हणजे काजळीचा काळा थर असतो. सिनेमाच्या ईसीएन-२ प्रक्रियेत तो आधी काढून टाकतात. फोटोचे रंगीत रोल धुणाऱ्या स्टुडिओच्या सी-४१ मशीनमध्ये तो केमिकलमध्ये सुटतो आणि मागून येणाऱ्या रोलांवर जाऊन बसतो. तसंही या मशीनची वाट ३५ मिलिमीटरची, ८ किंवा १६ ची पट्टी त्यातून नेणार कशी? मित्र टिकवायचा असेल तर हे काम त्याला सांगू नका.

आता तुमच्या लेखी जे भंगार आहे, त्याचा हिशेब. फिल्मचे भाव सारखे हलतात, म्हणून रुपयांत न बोलता फुटांत बोलतो. सुपर ८ च्या कार्ट्रिजमध्ये ५० फूट असतात, सेकंदाला १८ फ्रेमने ३ मिनिटं २० सेकंद. दर वेळी नवं प्लास्टिकचं कार्ट्रिज आणि त्यात ती भरण्याची मजुरी आपण मोजतो, आणि वापरून झालं की ते कचऱ्यात. रेग्युलर ८ चा २५ फुटी स्पूल (फिल्म गुंडाळायची छोटी फिरकी) १६ मिलिमीटर रुंद पट्टीचा असतो. अर्ध्या रुंदीवर शूट करायचं, सावलीत कॅमेरा उघडून स्पूल उलटवायचा, मग उरलेल्या अर्ध्यावर. धुतल्यावर मधून उभी चिरली की ५० फूट होतात. फ्रेम ४,०००, सेकंदाला १६ ने ४ मिनिटं १० सेकंद.

खरी बचत पुढे आहे. हे स्पूल पुन्हा भरता येतात. फोमा ही चेक कंपनी फोमापान आर १०० नावाची काळी-पांढरी रिव्हर्सल फिल्म आजही काढते आणि ती या मापातही येते. समजा १०० फुटांची पट्टी हाती आली. कॅमेऱ्यात घालता-काढताना दोन्ही टोकांची चारेक फूट उजेड खातात, म्हणून अंधारात प्रत्येक स्पूलवर ३३ फूट गुंडाळायची. तीन स्पूल झाले, म्हणजे साडेबारा मिनिटं. तेवढ्याच १०० फुटांत १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला २४ फ्रेमने पावणेतीन मिनिटं मिळतात. खोक्याची किंमत बघून स्वस्त-महाग ठरवायचं की पडद्यावर येणाऱ्या मिनिटांवरून? कुरिअरचा खर्च पार्सलमागे लागतो, तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या चार जणांनी मिळून मागवलं तर तो भारही हलका होतो.

साधी १६ ची फिल्म यात चालत नाही, हे पुन्हा सांगतो, कारण ती घेऊन बसलेले लोक मला भेटलेत. रुंदी तीच, पण रेग्युलर ८ ला कडेची भोकं दुप्पट लागतात. साध्या १६ वर कॅमेऱ्याच्या नखाला दर दुसऱ्या खेपेला भोक सापडत नाही आणि फिल्म फाटते.

आणखी एक. हे चावीचे कॅमेरे बनले तेव्हा कोडाक्रोम १० एएसएची होती, १९६१ ला आलेली कोडाक्रोम-२ सुद्धा २५ ची. त्यांत १०० ची फिल्म घालून भर उन्हात सांगलीच्या आयर्विन पुलावर उभं राहिलात तर लेन्सचं भोक एफ १६ एवढं बारीक करूनसुद्धा पुरत नाही. एनडी, म्हणजे नुसता उजेड कमी करणारा, फिल्टर लावा. आकाशात ढग असतील तर पिवळा लावा, ढग उठून दिसतील.

ॲसिडची तुमची काळजी रास्त आहे. रिव्हर्सल धुताना पहिल्या चित्राची चांदी काढणाऱ्या ब्लीचमध्ये डायक्रोमेट किंवा परमँगनेट आणि त्याच्या जोडीला सल्फ्युरिक ॲसिड लागतं. डायक्रोमेट कर्करोगाला कारण ठरतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर ॲसिड घ्यायला ओळखपत्र दाखवावं लागतं, ते योग्यच आहे. ज्याला डार्करूमची सवय नाही त्याने यात पडू नये, आणि ज्याला आहे त्यानेही वापरलेलं ब्लीच गटारात ओतू नये. कृष्णेला सांडपाण्याच्या शेरीनाल्याचं दुखणं पुरेसं आहे. ॲसिड टाळायचं तर ओरवो या जर्मन कंपनीची यूएन ५४ या मापात मिळते का बघा, ती मुळात निगेटिव्ह आहे. डेव्हलपर, फिक्सर, धुणं, संपलं; स्कॅन करून उलटी करायची. (आर १०० ला हा मार्ग चालत नाही, तिच्या आतला चांदीचा थर ब्लीचशिवाय निघत नाही.) फिक्सरसाठी तुमच्या मिरजेइतकं सोयीचं गाव नाही. दवाखाने इतके, की डिजिटल आलं तरी एक्स-रेचा फिक्सर विचारला की मिळतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते, ती काढणारे विट्याचे गलाईवाले अख्ख्या देशात पसरलेत. आपल्या दोन-चार लिटरला ते हसतील, ती गोष्ट निराळी.

जाता जाता एक काम. पूर्वी लॅबवाले धुतलेली फिल्म प्रोजेक्टरच्या रिळावर चढवून परत द्यायचे आणि कॅमेऱ्याचा रिकामा स्पूल स्वतःकडेच ठेवायचे. म्हणून फिल्म मिळते पण स्पूल मिळत नाहीत, अशी आज परिस्थिती आहे. तुमच्या स्टुडिओच्या सामानात २५ फुटी रिकामे स्पूल पडले असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी इथे खाली दोन ओळी लिहा, मी मिरजेला येऊन घेऊन जाईन. पत्र्याचे असोत की प्लास्टिकचे, फक्त मधल्या भोकाला एका बाजूने तीन आणि दुसऱ्या बाजूने चार खाचा आहेत ना, तेवढं बघून ठेवा.