टॅब दिला की बाळ लवकर बोलतं म्हणे!

काल घरच्या ग्रुपवर वहिनीने एक फॉरवर्ड टाकला आणि खालीच लिहिलं, "पिल्लूसाठी टॅब मागवलाय". माझी भाची चौदा महिन्यांची आहे! हाच मेसेज आधी तिघांनी पाठवला होता तेव्हा सोडून दिला, पण आता घरातच शिरलाय म्हटल्यावर गप्प बसवत नाही. म्हणे दोन वर्षांच्या आत टॅब दिला तर बाळ लवकर बोलतं, दोन-तीन भाषा आपोआप शिकतं, मेंदू तल्लख होतो, नाही दिला तर शाळेत मागे पडतं.

भाषेची थाप सगळ्यात मोठी. २००३ मध्ये अमेरिकेत बाळं भाषा कशी शिकतात यावर काम करणाऱ्या संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या टीमने इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. काही बाळांसोबत मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, बोलणारी माणसं बसली, खेळली, पुस्तकं वाचली, २५-२५ मिनिटं, १२ वेळा. काहींना तीच माणसं टीव्हीवर दाखवली. समोर माणूस होता ती बाळं मँडरिनमधले आवाज ओळखायला लागली, टीव्हीवाली काहीच शिकली नाहीत. मग टॅब दोन-तीन भाषा कुठून शिकवणार?

मी बालवाडीत शिकवते, रोज बघते. एक अडीच वर्षांचा मुलगा अॅपच्या चालीत "ए फॉर अॅपल" घडाघडा म्हणायचा. डब्यातली सफरचंदाची फोड पुढे धरून "हे काय रे?" विचारलं तर नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग रोज त्याच्या हातात फोड द्यायची, वास घ्यायला लावायचा, खाताना "सफरचंद, गोड आहे ना?" असं बोलत राहायचं, असं चाललं आणि आठवड्याने स्वतःच डबा उघडून म्हणाला, "फलचंद!"

मेंदूचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला १ तासाच्या वर नको, कमी तेवढं बरं. आणि मागे पडायचं म्हणाल तर टॅब चालवायला पाच वर्षांचं पोर एका दुपारीत शिकतं, त्यासाठी चौदाव्या महिन्यापासून तयारी कशाला?

एक मान्य करते, आजीशी व्हिडिओ कॉल चालतो, भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखालच्यांना तेवढी सूट दिलीय. पण तिथे पलीकडे आजी असते, ती हाकेला ओ देते.

वहिनी, रिटर्नची मुदत संपायच्या आत टॅब परत कर. रविवारी मी येतेच आहे, पिल्लूला घेऊन मंडईत जाऊ, भाज्या हातात देऊन नावं सांगू.