लेस्टरशायर एका वर्षाचे पाहुणे? लावा पैज

इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटचा मोसम तोंडावर आला की भाकितांना ऊत येतो. 2026 साठी सगळीकडे फिरणारं भाकीत असं: 'लेस्टरशायर 2003 नंतर पहिल्यांदा काउंटी चॅम्पियनशिपच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळणार खरं, पण दुसरीतून वर चढलेला संघ वर्षभरात खाली येतोच. इंग्लंडचा अष्टपैलू रेहान अहमद सोडला तर संघात आहे काय? नावाजलेला परदेशी फलंदाज आणल्याशिवाय निभाव लागणार नाही. आणि ही काउंटी मुळात हरणाऱ्यांचीच.' अभ्यास कमी, आत्मविश्वास दांडगा.

आधी तो 'येतोच' तपासू. 2022 मध्ये नॉटिंगहॅमशायर आणि मिडलसेक्स वर आले. 2023 मध्ये डरहॅम आणि वूस्टरशायर, 2024 मध्ये ससेक्स आणि यॉर्कशायर. या सहांपैकी पुढच्याच मोसमात खाली गेला तो एकटा मिडलसेक्स. उरलेले पाचही टिकले, आणि त्यातल्या नॉटिंगहॅमशायरने तर 2025 मध्ये सरेची सलग तीन विजेतेपदांची मालिका तोडून चॅम्पियनशिप उचलली. दहा संघांतले दोनच खाली जातात हेही लक्षात घ्या. शिवाय 2024 पासून अनिर्णित सामन्याला पाचाऐवजी आठ गुण मिळतात, म्हणजे विजयाच्या सोळाच्या बरोबर निम्मे. चौथ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी शेपटाच्या फलंदाजांनी दोन तास तग धरला तरी त्याची किंमत आहे. चौदा सामन्यांत अशी चिकाटी चार-पाच वेळा जमली की तळ बराच लांब राहतो.

रेहानचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. गेल्या मोसमात त्याने चॅम्पियनशिपमध्ये पाच शतकं ठोकली; डर्बीशायरविरुद्ध तर एकाच सामन्यात शतक आणि 13 बळी. असा खेळाडू इंग्लंड कधीही उचलून नेणार, आणि नेला की खड्डा पडणारच. पण 'बाकी काय आहे' असं विचारणाऱ्याने धावफलक पूर्ण वाचलेला नाही. ऋषी पटेल, लुईस हिल यांची फलंदाजी. इयन हॉलंड, टॉम स्क्रिव्हन, बेन ग्रीन हे बॅट आणि चेंडू दोन्ही हातांत घेणारे. मथळ्यात न येणारी ही मंडळीच लांबलचक मोसमात गाडा ओढतात. एक माणूस कितीही मोठा असला तरी त्याच्या एकट्याच्या जोरावर दुसरी डिव्हिजन जिंकता येत नसते.

परदेशी ताऱ्याबद्दल तर आपल्याच अजिंक्य रहाणेला साक्षीला बोलवू. 2024 मध्ये तो लेस्टरशायरकडून खेळला, ग्लॅमॉर्गनविरुद्ध कार्डिफला शतकही केलं. त्या वर्षी संघ वर गेला नाही. गेला 2025 मध्ये, रहाणेशिवाय. यात रहाणेचा काडीचाही दोष नाही. अर्ध्या मोसमापुरता आलेला पाहुणा, कितीही गुणी असला, तरी घर बांधून देत नाही, एवढंच.

राहिली 'हरणाऱ्यांची काउंटी'. 2013 आणि 2014 हे दोन मोसम लेस्टरशायरने चॅम्पियनशिपमध्ये एकही सामना जिंकला नाही, हे खरंच. दुष्काळ संपला तो जून 2015 मध्ये, एसेक्सविरुद्ध. पण त्याआधीचं विसरायचं का? 1975, 1996, 1998: तीन विजेतेपदं. पहिलं रे इलिंगवर्थच्या नेतृत्वाखाली. 1996 ला जेम्स व्हिटेकर कर्णधार, सोबत वेस्ट इंडीजचा फिल सिमन्स, बाकी बहुतेक असे, की ज्यांच्यावर इतर काउंट्यांनी नजरही टाकली नसती. (2017-18 चा रणजी करंडक जिंकण्याआधी विदर्भाला आपण काय म्हणायचो, आठवा. मीही त्यात होतो.) आणि अलीकडचं हवं असेल तर 2023 ची वनडे कप फायनल बघा: हॅम्पशायरविरुद्ध लेस्टरशायर 6 बाद 89, तिथून हॅरी स्विंडेल्स नाबाद 117, शेवटच्या षटकात हॅम्पशायरला हव्या असलेल्या आठ धावा जॉश हलने होऊ दिल्या नाहीत आणि सामना दोन धावांनी खिशात. हरायची सवय लागलेला संघ तिथे कधीच मान टाकून बसला असता.

भीती आहे, पण ती यंदाची नव्हे. डरहॅम आणि वूस्टरशायर दोघेही पहिलं वर्ष तरले आणि दुसऱ्या वर्षी, 2025 मध्ये, जोडीने बुडाले. तेव्हा लेस्टरशायर 2026 मध्येच खाली जाणार अशी पैज लावायची असेल तर माझ्याशी खुशाल लावा. 2027 ची मात्र मी घेणार नाही.