खुलासा: भारहुतच्या शिल्पात फरशीकाम नाही

कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या, भारहुतच्या (मध्य प्रदेशातला प्राचीन बौद्ध स्तूप) शिल्पाचा फोटो मी गेल्या आठवड्यात टाकला होता, ‘2200 वर्षांपूर्वीचे फरशी बसवणारे कारागीर’ असं लिहून. ते चुकलं. पोस्ट काढली, पण तोवर ती बऱ्याच ग्रुपांवर गेली होती.

जमिनीवर अंथरलेले चौकोन म्हणजे फरशा नव्हेत, नाणी आहेत. त्या काळची आहत (ठसे मारून बनवलेली) नाणी बहुधा चौकोनीच असत. श्रावस्तीचा व्यापारी अनाथपिंडिक जेत राजकुमाराची बाग नाण्यांनी झाकून विकत घेतोय, बौद्ध भिक्खूंच्या संघाला द्यायला. बैल सोडलेली गाडी बघा, नाणी तिच्यातूनच आली. मधोमध तो झारी घेऊन उभा आहे, दानाचं उदक सोडायला. आपल्याकडे अजूनही सोडतात तसंच!

हा माझा तर्क नाही. शिल्पाखाली ब्राह्मी लिपीत कोरलंय: ‘जेतवन अनाधपेडिको देति कोटिसंथतेन केता’. कोटी अंथरून विकत घेतलेलं जेतवन अनाथपिंडिक देतो. शिल्पाच्या वर्तुळाखाली ही ओळ होती, माझ्या फोटोत ती कापली गेली होती.

कुणी ‘झारीवाला म्हणजे बुद्ध’ अशी भर घातलीय. भारहुतला बुद्ध मानवरूपात कुठेच नाही. बोधिवृक्ष, चक्र, पावलं यांनीच तो सुचवलाय.

जुना मजकूर आला तर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.