फोटोत येऊन राहिल्या तुम्ही

आज डोकं इतकं तापलंय की लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. पोस्ट लांब होईल, सवडीनं वाचा.

गावात प्रगतशील शेतकऱ्यांचा सत्कार होता. मंडप, माईक, शाल-श्रीफळ, सगळं रीतसर. यंदा कपाशी चांगली पिकवली म्हणून आमच्या मोठ्या बाबांचंही नाव होतं. सत्कार झाला, फोटोची वेळ आली आणि मोठी आई आपसूक त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर. कॅमेरावाला पोरगा म्हणाला, "मावशी, जरा तिकडं सरका, फोटोत येऊन राहिल्या तुम्ही."

ती सरकली. हसत सरकली. मी मागून "राहू दे ना त्यांना" म्हणेपर्यंत फोटो निघाला होता.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला सत्कारमूर्तीचा फोटो काढायला सांगितलं होतं, त्यानं काढला. मला राग आला तो भरल्या मंडपाचा. एकालाही वावगं वाटलं नाही. वर सूत्रसंचालक म्हणतात, "घरच्या मंडळींचीही मोलाची साथ लाभली." साथ? मृग लागल्यावर कंबरेत वाकून सरकी कोणी टोबली? निंदण कोणी केलं? खताची मूठ झाडाबुडी कोणी टाकली? वेचणीच्या दिवसांत मोठ्या आईची बोटं बघायला या एकदा. बोंड फुटून वाळलं की त्याच्या पाकळ्यांना टोकं येतात, कापूस ओढताना ती नखांच्या मुळाशी घुसतात. दोन्ही हातांना चरे. उजव्या हाताला जास्त, म्हणून रात्री तिखट-मिठाचं कालवताना ती डावा हात वापरते. पऱ्हाटीत तिच्या कमरेची ओटी भरत जाते आणि चाल जड होत जाते, हे मी लहानपणापासून पाहत आलोय.

फवारणी मोठे बाबा करतात, हे मान्य. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून त्यांनी पंप पाठीवर घेतला की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण ड्रममध्ये पाणी कोण आणून ओतते? आणि संध्याकाळी ते विषाचा वास मारणारे कपडे कोणाच्या हातानं धुतले जातात?

मी मराठी शिकवतो, त्यामुळे माझं डोकं लगेच गोष्टींकडे धावतं. अदृश्य होण्याच्या गोष्टी माणसाला फार आवडतात. प्लेटोच्या पुस्तकात एक मेंढपाळ आहे, गायजीस. त्याला अंगठी सापडते. खडा आत फिरवला की तो दिसेनासा होतो. तो काय करतो? राणीला वश करतो, राजाला मारतो, गादीवर बसतो. आपल्या वऱ्हाडातही हीच ऐट आहे. नळराजा देवांचा निरोप घेऊन दमयंतीकडे आला तो कुंडिनपुरात, म्हणजे लोक मानतात त्याप्रमाणे तिवसा तालुक्यातल्या आपल्या वर्धाकाठच्या कौंडण्यपुरात. पहाऱ्यावरच्या एकालाही तो दिसला नाही, थेट अंतःपुरात गेला. रामायणातला इंद्रजित दिसेनासा होऊन बाण सोडतो. ही सगळी पुरुषांची चैन. पाहिजे तेव्हा दिसायचं, पाहिजे तेव्हा नाही. अंगठीचा खडा परत बाहेर फिरवायची मुभा ज्याच्या हाती, त्याचीच ती ताकद. वेल्स नावाच्या इंग्रज लेखकानं १८९७ साली लिहिलेल्या कादंबरीत तो शास्त्रज्ञ गायब होतो खरा, पण परत दिसायचा उपाय त्याच्याकडे नाही. लोक त्याला मारतात आणि मेल्यावर तो हळूहळू दिसायला लागतो. ही गोष्ट मला आपल्याकडची वाटते. आपल्याकडेही माणूस मेल्यावर मोटारी येतात, कॅमेरे येतात.

पण मला आज दिवसभर आठवतोय तो अज्ञातवास. विचार करा, आर्यावर्तातली सगळ्यात गाजलेली सहा माणसं. एक वर्ष कोणी ओळखलं तर परत बारा वर्षं वनवास. पाचांची तोंडं सगळ्या राजांना ठाऊक. गुहेत लपले का? मंत्र म्हटला का? नाही. युधिष्ठिर राजाशी फासे खेळायला बसला, पण बाकीचे नोकर झाले. भीम आचारी, अर्जुन नाच शिकवणारी बृहन्नडा, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, द्रौपदी राणीची वेणीफणी करणारी सैरंध्री. आणि वर्षभर राजवाड्यात वावरूनही कोणाच्या लक्षात आलं नाही. भाकरी वाढणाऱ्याचं तोंड कोण पाहतो? व्यासांना हे बरोबर कळलं होतं. सैरंध्री दिसली ती फक्त कीचकाला, तीही कशी दिसली ते आपल्याला माहीत आहे. त्यानं भरसभेत तिला लाथ मारली, राजा विराट बघत बसला. चिखलदऱ्याला गेलात की तिथली माणसं दरी दाखवून सांगतात, इथं भीमानं कीचक मारला, भीमकुंडात हात धुतले. कीचकाची दरी सगळ्यांना पाठ आहे. सभेत गप्प बसलेल्यांची जागा मात्र कोणी दाखवत नाही.

रॅल्फ एलिसन नावाच्या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाची १९५२ सालची कादंबरी आहे. तिचा नायक सुरुवातीलाच सांगतो की मी भूत नाही, हाडामांसाचा आहे, लोक मला पाहायला तयार नाहीत म्हणून मी अदृश्य. मंडपात मला तेच आठवलं. मोठी आई फोटोच्या चौकटीत होती, म्हणून तर तिला सरकवावं लागलं!

आता सातबारा काढा. नाव मोठ्या बाबांचं. म्हणून पीककर्ज त्यांचं, विमा त्यांचा, आता शेतकरी ओळख क्रमांक निघतोय तोही त्यांचाच. उद्या काही अशुभ झालं, तर शेतात राबून विष घेतलेल्या बाईची नोंद शेतकरी म्हणून होत नाही. जमीन नावावर नाही म्हणून ती गृहिणी. जिवंतपणी दिसली नाही, मेल्यावरही नाही. वेल्सच्या त्या माणसाला मरणानंतर तरी दिसायला मिळालं हो! हे लिहिताना हात थरथरतोय माझा.

लाडक्या बहिणीचे पंधराशे तिच्या खात्यात येतात, हे खरं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या कागदांवर आईचं नाव लागतं, तेही चांगलंच झालं. एवढं म्हणतो आणि पुढं जातो.

संध्याकाळी घरी विषय काढला. मोठे बाबा खरंच चकित झाले. म्हणाले, "अवं, तुले कोणं सरकवलं? मले त दिसलंच नाही." हातभर अंतरावरून सरकवलं होतं. माझा सगळा राग तिथंच विरघळला, कारण ते खोटं बोलत नव्हते. हा माणूस रात्री हिच्या पायांना तेल चोळतो, मी पाहिलंय. मोठी आई म्हणाली, "जाऊ दे ना बाप्पा, फोटोचं काय घेऊन बसला." तिला फोटो नसेलही हवा. पण ती आपल्या पायानं त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती, हे मी विसरणार नाही.

मग मी लक्ष्मीमुक्तीचं बोललो. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून हाक दिली होती, बायकोच्या नावानं जमीन करा. किती गावांनी केलीही. १९९२ साली सरकारनंही निर्णय काढला, नवऱ्याच्या संमतीनं सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून चढवता येतं. मोठे बाबा आधी गप्प राहिले. भावांना काय वाटेल, पोरं काय म्हणतील, असं काहीबाही पुटपुटले. मग म्हणाले, "कागद कोणते लागते ते पाय. मग पाहू."

त्या "पाहू"ला मी होकार धरलंय. सोमवारी त्यांना गाडीवर बसवून तलाठ्याकडे नेतोय, मोठ्या आईलाही. तुमच्यापैकी कोणी घरच्या बाईचं नाव असं चढवलं असेल तर सांगा, कोणते कागद लागले, भावांच्या सह्या मागितल्या का, फेरफार व्हायला किती वेळ लागला. ऐकीव नको, स्वतः केलेलं सांगा. रविवार रात्रीपर्यंत कळलं तर बरं होईल.