तुला काय, सुट्टीच आहे!

मे महिना लागला की फेसबुकवर दोन प्रकारच्या पोस्टी हमखास येतात. एक, 'बसून पगार खाणाऱ्या' मास्तरांवरची. दुसरी आमच्याच शिक्षक बंधू-भगिनींची, सुट्टीतही आम्ही कसं राष्ट्र घडवतोय याची, सोबत रोपाला पाणी घालतानाचा फोटो. मला आता दोन्हींचा वीट आलाय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर चोपड्याकडचं. आणि मला सुट्टी आवडते. पारा 44-45 च्या घरात गेलेला असताना कूलरपुढे आडवं पडून आंब्याची कोय चोखत बसायला आवडतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

हिशेबाची एक गोष्ट मात्र टोमणे मारणाऱ्यांना माहीत नसते. इतर सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला 30 दिवस अर्जित रजा मिळते. ती साठते, आणि निवृत्तीला तिचे पैसे होतात. आम्ही पडलो 'दीर्घ सुट्टी विभागा'तले, म्हणून आम्हाला ती तशी मिळत नाही. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी ही कुणी केलेली मेहेरबानी नाही, तिची किंमत आमच्या रजेतून आधीच वळती झालेली आहे. कचेरीतला माणूस ऐन डिसेंबरात आठ दिवस गोव्याला जाऊन येतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. मी मेमध्ये घरी दिसले की गल्लीत चर्चा.

बरं, ही विकत घेतलेली सुट्टी तरी सलग मिळावी!

2024 ची आखाजी 10 मे ला होती. खान्देशाबाहेरच्या मित्रमंडळींसाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि सासुरवाशिणीसाठी ती दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी माहेरी जायचंच. घागर भरायची, निंबाला झोका, आमरस, खापरावरची पुरणाची पोळी, आणि पुरुषमंडळींचे पत्त्यांचे डाव. (पत्त्यांबद्दल मी काही बोलणार नाही, माझे वडील आणि दोन्ही काका ही पोस्ट वाचतात.) तर 10 ला आखाजी आणि 13 ला जळगाव-रावेरचं लोकसभेचं मतदान. मी मतदान अधिकारी. पिशवीत एका बाजूला आईसाठी घेतलेली साडी, दुसऱ्या बाजूला प्रशिक्षणात मिळालेली पुस्तिका. झोक्याजवळ बसून मी त्यातले भरायच्या फॉर्मचे नमुने वाचत होते आणि काकू म्हणाली, "तुले काय, सुट्टीच शे ना बाई!"

12 ला साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर. 13 ला पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे मशीनची चाचणी, सात ते सहा खरं मतदान. माझ्याकडे 17-अ चं, म्हणजे आलेल्या मतदारांच्या नोंदीचं, रजिस्टर आणि शाईची बाटली. खोलीवर पत्रे, पंखा होता पण वारा गरम. दुपारी बारानंतर माणूस नाही की काणूस नाही, आणि पाचला उन्हं कलल्यावर अख्खं गाव एकदम रांगेत. मग मशीनचा आकडा, रजिस्टरचा आकडा, ताळमेळ, सीलबंद करणं आणि तालुक्याला जमा करायची तीच ती रात्रीची गर्दी. ती शाई माझ्या स्वतःच्या बोटांवर पुढे कितीतरी दिवस होती, कणीक मळतानाही दिसायची.

निवडणुकीवर माझं भांडण नाही, हे नीट वाचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्येच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामं शिक्षकांना देता येतील असं लिहिलंय. यंदा जनगणनेची घरयादी आहे, तीही मोबाइलवर. गावात घरोघरी फिरणारं विश्वासाचं माणूस हवं असेल तर मास्तर किंवा बाईच आठवणार, हे मला मान्य आहे. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही आहे. भांडण आहे ते रात्री नऊ वाजता ग्रुपवर पडणाऱ्या मेसेजशी. 'उद्या सकाळी 10 वाजता माहितीसह उपस्थित राहावे.' कुणी माहेरी असतं, कुणी लग्नात. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर शिकवणाऱ्या कितीतरी जणांची घरं दुसऱ्याच जिल्ह्यात. वर्षातून हीच काय ती लेकरांसोबत राहायची मुदत, आणि तीही अशा मेसेजने मोडते. सुट्टीत काम केलं तर त्याबदली अर्जित रजा जमा होते, पण तसा आदेश हवा, मग सेवापुस्तकात नोंद हवी, आणि त्या नोंदीसाठी चकरा मारता मारता पुढचा उन्हाळा येतो.

आता घरातलं. हे लिहिल्यावर सासरी काय होईल ते होवो.

शिक्षक पुरुषाची सुट्टी आणि शिक्षिकेची सुट्टी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमचे गुरुजी लोक शेतात जातात, मेअखेर कपाशी लावायची म्हणून ठिबकच्या नळ्या अंथरतात, तेही कष्टच आहेत, नाही म्हणत नाही. पण घरातलं वर्षभराचं साठवून ठेवलेलं काम "तुझी सुट्टी लागली की करू" म्हणून माझ्या नावावर जमा झालेलं असतं. पापड, कुरडया, शेवया आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजत घाला, कोंडा काढून दळून आणा, पहाटे चारला चूल पेटवून मोठ्या पातेल्यात पीठ हाटा. लसूण-मिरची-तीळ घातलेला तो घट्ट रटरटणारा लगदा हलवताना दंड भरून येतात, मनगटावर शिंतोडे उडतात. ऊन वर यायच्या आत ओल्या कापडावर सगळं थापून झालं पाहिजे. पोरं शेजारी वाट्या घेऊन बसलेली, त्यांना ते गरम पीठ तेल घालून हवं असतं. चव विचाराल तर जगात तोड नाही. पण घरच्यांसाठी बिबडे करण्यात आणि चुलत नणंदेपासून पुण्याच्या भाच्यापर्यंत सगळ्यांचे डबे भरण्यात फरक आहे.

आणि यंदा गच्चीवर बिबडे राखत बसलेल्या बाईच्या हातात पुस्तक आहे. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्या शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, खुल्या गटाला 90 हवेत. पन्नाशीला टेकलेले माझे सहकारी मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या बालविकासाच्या अवस्था पाठ करतायत आणि बारावीतली मुलं त्यांची उलटतपासणी घेतायत. परीक्षेला माझा विरोध नाही. पण आयुष्यभर पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवलेल्या बाईंना आता 'वाचनपूर्व तयारीचा टप्पा' चार पर्यायांतून निवडायचाय, याचं हसू येतं.

तरी आम्ही नशीबवान. आम्हाला मे महिन्याचा पगार मिळतो. तासिका तत्त्वावरच्यांना तास नाहीत तर पैसे नाहीत. ओळखीतला एक एम.एस्सी. बी.एड. मुलगा उन्हाळाभर रावेरकडे केळीच्या गाड्या भरताना वजनाचा हिशेब लिहितो. त्याच्याही शेजारी कुणीतरी म्हणतच असेल, मास्तर, मजा आहे बुवा!

माझी मागणी साधी आहे. सुट्टीतल्या कामांच्या तारखा एप्रिलमध्येच कागदावर द्या आणि त्या दिवसांची रजा जूनमध्येच नोंदवा. उरलेले दिवस आमचे. त्यात आम्ही झोपू, शेती करू, शिकवण्या न घेता नुसतं बसून राहू, त्याचा जाब कुणी विचारू नये. आणि शिक्षक मित्रांनो, तुम्हीही तो रोपाला पाणी घालतानाचा फोटो टाकणं थांबवा. सुट्टीत काम करतो म्हणून सुट्टी मागायची, हा कसला युक्तिवाद? अशानंच ती जाईल एक दिवस.

मी घरात सांगून टाकलंय. कुरडया झाल्या की आठ दिवस नाशिकला बहिणीकडे, एकटी. जाऊबाई म्हणाल्या, "आणि शेवया?" मी म्हटलं, भाऊजी घरीच आहेत की.