पंचवीस हजार लिंबं आणि एक मोबाईल

सुट्टी लागली की तो मेसेज येतोच. "मुलांना मोबाईलपासून दूर ठेवा! घरच्या घरी करा ५ चमत्कारिक प्रयोग. १००% खात्रीशीर, विज्ञानाने सिद्ध." मोबाईलपासून दूर ठेवणाऱ्या या यादीतला पहिलाच प्रयोग मोबाईल चार्ज करण्याचा आहे, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला. तोवर आजोळी नागपूरला आलेल्या माझ्या दहा वर्षांच्या भाचीने तो वाचून, सामानाची यादीसुद्धा करून ठेवली होती. पाचही प्रयोग आम्ही केले. तीन सपशेल फसले, दोन जमले. पण जमले ते मेसेजमध्ये दिलेल्या कारणाने नव्हे. "मामा, माझं काय चुकलं?" हे तिसऱ्यांदा ऐकलं आणि लिहायला बसलो.

मेसेज म्हणतो: "दोन लिंबांत तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खोचा, वायर जोडा, मोबाईल चार्ज होऊ लागेल. नंतर त्याच लिंबांचं सरबत करा, दुहेरी फायदा!"

आधी सरबताचं. करू नका. आंबट रसात खिळ्यावरचं जस्त विरघळतं, आणि वीज येते ती त्या विरघळण्यातूनच. लिंबू फक्त मधला रस पुरवतं. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली धातूच्या चकत्या आणि खाऱ्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा यांची चळत रचून हेच केलं होतं, त्याला लिंबाची गरज पडली नाही.

आता मोबाईल. आमच्या मीटरवर एका लिंबाचे ०.९ व्होल्ट आले. चार लिंबं एकापुढे एक जोडल्यावर लाल एलईडी पेटला, अगदी मंद, पडदे ओढून घेतल्यावर दिसेल इतपत. भाचीने लगेच हिशोब केला: चार्जरला ५ व्होल्ट लागतात, म्हणजे सहा लिंबं पुरे. हिशोबात चूक नाही, तरी मोबाईल ढिम्म. कारण व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. नळातून पाणी किती येतं हा प्रश्न वेगळा. लिंबाची दोन टोकं थेट जोडली तरी प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आतच राहतो. साध्यातला साधा चार्जर १ अँपिअर देतो, म्हणजे हजारपट. एका लिंबातून फार तर ०.२ मिलिवॅट काढता येतात. चार्जरचे ५ वॅट हवे असतील तर २५,००० लिंबं लागतील. मे महिन्यात दहा रुपयाला एक लिंबू धरलं तर अडीच लाख रुपये झाले. त्यात चांगले दहा फोन येतात आणि प्रत्येकाबरोबर केबलही मिळते.

(याच मेसेजची एक कांदा आवृत्तीही फिरते: कांद्यात थेट यूएसबीची पिन खुपसायची. ती २००७ पासून इंटरनेटवर आहे. तिथे तर दोन वेगवेगळे धातूही नाहीत, त्यामुळे कांदा चिरून डोळ्यांत पाणी येण्यापलीकडे काही होत नाही.)

दुसरा दावा मात्र मेसेजवाल्याने रचलेला नाही. तो मी स्वतः शाळेत शिकलो आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. "मेणबत्तीने ऑक्सिजन खाल्ला. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून पाणी बरोबर पाचवा हिस्सा चढतं."

प्रयोग सुंदर आहे, कारण खोटं आहे. हे कळायला पुस्तक लागत नाही, फक्त पाणी केव्हा चढतं ते बघायचं. ज्योत जळत असताना ते जेमतेम हलतं, आणि ज्योत विझल्यावर सर्रकन वर जातं. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असतं तर जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं. दुसरं म्हणजे ग्लास टेकवताना काठाशी कान देऊन ऐका, बुडबुडे फुटतात. ज्योतीने तापलेली हवा फुगून बाहेर पळते, ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि ती जागा पाणी घेतं. भाचीला हे पटेना, म्हणून एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी चांगलंच जास्त चढलं. ग्लास तोच, हवा तेवढीच, मग ऑक्सिजन वाढला कुठून? शिवाय ज्योत सगळा ऑक्सिजन संपवतच नाही. तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ती विझते, आणि जो वापरला त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साईड तयार झालेला असतो.

पाचवा हिस्सा खरोखर बघायचा असेल तर लेथच्या दुकानातून मूठभर लोखंडाचा कीस आणा. ओल्या ग्लासाच्या आत तो चिकटवा, ग्लास पाण्यात उपडा ठेवा आणि विसरून जा. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं आणि बदल्यात कुठलाही वायू सोडत नाही. दोन-तीन दिवसांनी पाणी जवळपास पाचव्या हिश्शापर्यंत आलेलं असतं. पण यात ज्योत नाही, वाट बघणं आहे, त्यामुळे याचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

तिसरा: "पाण्यावर पेटणारा दिवा, पाण्यातून ऊर्जा!" दिवाळीत मिळणारा प्लास्टिकचा दिवा. त्यात बॅटरी असते. तळाशी धातूचे दोन ठिपके असतात, पाणी त्यांना जोडतं आणि सर्किट पूर्ण होतं. ओलं बोट ठेवलं तरी दिवा लागतो, मग बोटातूनही ऊर्जा आली म्हणायची का? पाण्यावर तेल तरंगवून वात लावायचा दुसरा प्रकार त्याहून छान दिसतो, पण तिथेही जळतं ते तेलच.

चौथ्यावर मला जरा रागच आहे, कारण तो उन्हाने भाजलेल्या माणसाला विकला जातो. "बाटल्या अर्ध्या कापून पुठ्ठ्याला बसवा, रुंद बाजू बाहेर करून खिडकीत लावा. हवा अरुंद तोंडातून दबून येते आणि खोली ५ अंशांनी थंड होते. वीज नको, पाणी नको." बांगलादेशातल्या पत्र्याच्या घरांसाठी म्हणून २०१६ च्या सुमारास ही कल्पना जगभर फिरली. पुरावा म्हणून सांगतात की तोंड उघडं ठेवून हातावर फुंका, गरम लागतं. ओठ आवळून फुंका, गार लागतं.

ओठ आवळूनच फुंका, पण हात ओठांना जवळजवळ टेकवून. गरमच लागेल. हात लांब असताना फुंकर वाटेतली खोलीतली हवा ओढून आणते आणि कातडीवरचा घाम सुकवते, गारवा त्याचा असतो. ताशी १८ किलोमीटरचा वारा बाटलीत पूर्ण अडला तरी दाब वाढतो १५ पास्कल. वातावरणाचा दाब लाखभर पास्कल आहे. तेवढ्या दाबातून हवा सुटली तर तापमान उतरतं एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढं. आम्ही २० बाटल्या कापल्या, पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना थर्मामीटर लावला आणि दोन्हीकडे ४१ अंश आले. वर खिडकी अर्धी बंद झाल्याने वारा कमी झाला तो वेगळाच.

आमच्या नागपुरात आजोबांच्या काळापासून खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावतात. त्यांवर पाणी मारावं लागतं, कारण सगळी करामत पाण्याचीच आहे. एक लिटर पाणी सुकताना जेवढी उष्णता घेतं, तेवढी खेचायला एक टनाच्या एसीला ११ मिनिटं लागतात. मुंबईच्या दमट हवेत ताट्यांचा असा उपयोग होत नाही, हेही सांगायला हवं. मेसेजमध्ये अशी अट कधीच नसते.

पाचवा: "तुंबलेल्या सिंकमध्ये दोन चमचे खाण्याचा सोडा आणि अर्धी वाटी व्हिनेगर. फेसाच्या जोराने पाईप लख्ख!" फेस येतो, पण उघड्या पाईपमध्ये तो वाट फुटेल तिकडे, म्हणजे वर येतो. त्याला जोर नसतो. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते किंचित खारट पाणी. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरीत तर व्हिनेगर ओतूच नका, क्लोरीन सुटतो. आमच्या सिंकपाशी आई पाच मिनिटं बघत उभी राहिली, मग काही न बोलता रबरी पंप घेऊन आली. उरलेल्या सोड्या-व्हिनेगरचा भाचीने गच्चीवर मातीचा ज्वालामुखी केला. त्या जोडीला शोभणारं काम तेच.

लिंबांचंही एक काम निघालं. एका सेलवर चालणाऱ्या छोट्या आकडेवाल्या घड्याळाला प्रवाह नावापुरताच लागतो. त्याचा सेल काढून दोन लिंबं जोडली आणि आकडे उमटले. तिसऱ्या दिवशी ते पुसट झाले. भाचीने कोणाला न विचारता खिळे काढले, काळपट थर कानशीने घासला, लिंबात नव्या जागी खोचले आणि घड्याळ पुन्हा लावलं. सध्या ते सहा मिनिटं मागे आहे.