वाजवून घेतलेला डॉलर

आमच्या आजीला खोटा रुपया ओळखायला डोळे लागत नसत. फरशीवर टाकलेला रुपया खणखणला तर कलदार, बद्द वाजला तर परत. तिचा हा कान वारशाने माझ्याकडे आलाय असा माझा समज होता. प्रत्यक्षात वारशाने आली ती गुडघेदुखी.

नाण्यांचा नाद मला उतारवयात लागला, तोही आशियातल्या जुन्या चांदीच्या डॉलरांचा. चीनचे राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई यांच्या चेहऱ्याचं 1914 सालाचं गुबगुबीत नाणं (चिनी लोक त्याला सरळ ‘मोठं डोकं’ म्हणतात), जपानचा ड्रॅगनवाला येन, फ्रेंचांच्या ताब्यातल्या इंडोचायनाचा (आजच्या व्हिएतनाम, लाओस, कंबोडियाचा) पियास्त्र. पण जीव जडला तो ब्रिटिश ट्रेड डॉलरवर. इंग्रजांनी पूर्वेकडच्या व्यापारासाठी 1895 ते 1935 या काळात पाडलेलं हे नाणं. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी ब्रिटानिया (ब्रिटनचं स्त्रीरूपातलं प्रतीक), मागे शिडाचं जहाज. दुसऱ्या बाजूला चिनीत आणि अरबी वळणाच्या मलाय लिपीत ‘एक डॉलर’. बहुतेक नाणी मुंबईच्या टांकसाळीतली, म्हणून त्रिशुळाच्या मधल्या टोकावर मुंगीच्या पायाएवढं ‘बी’ अक्षर. ते शोधता शोधता माझ्या चष्म्याचा नंबर वाढला.

तर असा एक डॉलर घेऊन एक विक्रेते घरी आले. “अत्यंत दुर्मिळ आहे, साहेब. रात्रभर ठेवा, तपासा, वाजवा. मी काय पळून जातोय?” एवढा विश्वास दाखवणाऱ्या माणसावर खरं तर तिथेच संशय यायला हवा होता. मला मात्र गहिवरून आलं.

रात्री जेवणं आटोपल्यावर प्रयोगशाळा मांडली. आधी चुंबक. चिकटला नाही! “चांदी आहे!” मी ओरडलो.

“अहो, तो तुमच्या चपलेलाही चिकटत नाही,” बायको म्हणाली. तांब्या-पितळेलाही चिकटत नाही, हे तिने बोलून दाखवलं नाही, एवढा तिचा मोठेपणा.

मग वजन. हा डॉलर 26.95 ग्रॅमचा हवा. आमचा स्वयंपाकघरातला काटा फक्त पूर्ण ग्रॅम दाखवतो. त्याने 27 दाखवले. बायकोकडे विजयी नजर टाकून मी आर्किमिडीजकडे वळलो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. नव्वद टक्के चांदी असेल तर काटा सुमारे 2.6 ग्रॅम दाखवतो. माझा हात थरथरत होता, नाणं झोपाळ्यासारखं झुलत होतं, पेल्यातलं पाणी टेबलावर, टेबलावरचं माझ्या मांडीवर. शेवटी काटा 3 वर स्थिरावला. 2.6 म्हणजे जवळपास 3च की! पितळेचं असतं तरी या काट्याने 3च दाखवले असते, हे गणित मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

त्याच वजनाचं, त्याच घेराचं नाणं हलक्या धातूत बनवायचं तर ते जाड करावं लागतं. हे जाड होतंच. जुन्या काळची माणसंही दणकट असायची, अशी मी मनाची समजूत घातली.

नाण्यावर चिनी व्यापाऱ्यांचे पाच ठसे होते. चांदी पारखून झाली की ते आपला शिक्का नाण्यावर ठोकत. “पाच जणांनी पारखलेलं आहे, साहेब,” असं विक्रेते म्हणाले होते. भिंगातून पाहिलं तर ठशांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या गुळगुळीत. हातोडीने ठोकलेला ठसा असा विरघळल्यासारखा नसतो, तसा तो खऱ्या नाण्यावरून साचा काढून ओतलेल्या नकली नाण्यात असतो. पण मी म्हटलं, झिजला असेल. खाचांमधला जुनाट काळेपणा माझ्या अंगठ्याला लागला. वास घेतला. बूट पॉलिश. आधीचा मालक टापटिपीचा असावा.

राहता राहिला आवाज. नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी दिली. किणकिणलं! आजीची आठवण येऊन डोळे पाणावले. बायकोने शांतपणे स्टीलची वाटी उचलली आणि चमच्याने वाजवून दाखवली. वाटी जास्त खणखणीत निघाली. चीनमध्ये नाण्याच्या कडेवर जोरात फुंकर मारून ते झटकन कानाशी नेतात, चांदी असली तर बारीक गुणगुण ऐकू येते. मी चार वेळा फुंकर मारली. ऐकू आला तो माझाच दमा.

तेवढ्यात नात भिंग घेऊन शेजारी बसली. “आजोबा, हे डॉलर कधी सुरू झाले म्हणालात?”

“1895.”

“मग 1885 त्याच्यानंतर येतं का?”

ब्रिटानियाच्या पायाखाली, भिंग नसतानाही दिसेल एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 1885. रात्रभर मी त्रिशुळाचं टोक बघत होतो, साल कोण बघतंय!

सकाळी विक्रेते आले. मी नाणं पुढे सरकवलं, सालावर बोट ठेवलं आणि करड्या आवाजात म्हणालो, “हे डॉलर सुरू झाले 1895 साली. त्याच्या दहा वर्षं आधीचं नाणं कसं असेल?”

त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

“अहो साहेब, म्हणून तर दुर्मिळ म्हणतोय!”

देवाशपथ सांगतो, क्षणभर मला पटलं होतं. बायकोने वाटी वाजवली म्हणून भानावर आलो.